रस्ता, रास्ता रोको आणि राज्यकर्ते

२०२५ च्या जून-जुलै महिन्यांत अवघ्या सतरा दिवसांच्या अंतरात महाराष्ट्रात तीन घटना घडल्या. २४ जूनला राज्य मंत्रिमंडळाने नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी व नियोजनासाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. १ जुलैला, म्हणजे कृषिदिनी, या महामार्गाच्या विरोधात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला. आणि १० जुलैला विधानसभेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. दुसऱ्याच दिवशी विधान परिषदेनेही त्यावर शिक्कामोर्तब केले. पहिली घटना खर्चाची, दुसरी विरोधाची आणि तिसरी कायद्याची. वृत्तपत्रांनी तिन्ही बातम्या वेगवेगळ्या छापल्या आणि राजकीय पक्षांनीही त्यांवर वेगवेगळी भाषणे केली. वस्तुतः हा एकच प्रश्न आहे. सरकारने कोणाच्या पैशाने व कोणाच्या जमिनीवर काय उभारावे, आणि ते नको असेल तर ज्याची जमीन जाणार त्याने नाही कसे म्हणावे, असा तो प्रश्न आहे.

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले की या प्रश्नाची दोन्ही टोके दिसतात. १९९९ साली तालुक्याचा दर्जा मिळालेल्या या गावाला रेल्वे नाही. शिक्षक, कारकून आणि लातूर-उदगीरला शिकायला जाणारा विद्यार्थी यांची सारी भिस्त रस्त्यावर आणि एस. टी.वर असते. पावसाळ्यात पाणंद रस्ता चिखलात बुडाला की सोयाबीन शेतातून बाहेर काढणे मुश्कील होते. तेव्हा रस्ते नकोत, असे येथील माणूस कधीच म्हणणार नाही. मराठवाड्याचे दुखणे रस्ते फार झाल्याचे नसून कमी पडल्याचे आहे. म्हणूनच शक्तिपीठाला विरोध करणाऱ्या प्रत्येकास विकासविरोधी ठरवणे जितके सोपे, तितकेच ते अन्यायाचे आहे.

महामार्गाची बाजू प्रथम नीट मांडली पाहिजे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर लांबीचा आणि बारा जिल्ह्यांतून जाणारा हा मार्ग योजण्यात आला. त्यांत हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर व धाराशिव हे मराठवाड्याचे सहा जिल्हे येतात. प्रवासाचा अठरा तासांचा वेळ आठ तासांवर येईल, माहूर, तुळजापूर व कोल्हापूर ही देवीस्थाने जोडली जातील आणि मागास भागात उद्योग येतील, असे सरकार सांगते. यात तथ्यच नाही असे म्हणता येणार नाही. पण अपेक्षित खर्च सुमारे ८६,३०० कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरमागे शंभर कोटींहून अधिक आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता आणि महसुली तूट सुमारे ४५,८९१ कोटींची होती. अशा वेळी खुद्द वित्त विभागानेच या योजनेच्या आर्थिक भाराविषयी सावधगिरीचा इशारा दिला होता. त्यातच नागपूर-रत्नागिरी हा राष्ट्रीय महामार्ग नांदेड-लातूर-तुळजापूर-सोलापूर असाच जातो. तो असताना जवळजवळ समांतर असा दुसरा मार्ग कशासाठी, हा शेतकऱ्यांचा प्रश्न भावनेचा नाही, हिशेबाचा आहे.

या प्रश्नाला उत्तर मिळाले ते कोठे व कसे, हे पाहण्याजोगे आहे. कोल्हापुरात विरोध प्रखर होता. सत्तारूढ आघाडीतील तेथील नेत्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली. २०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द करण्यात आली. निवडणूक संपल्यावर योजना पुन्हा पुढे आली आणि नंतर आखणी बदलण्याच्या घोषणाही झाल्या. मार्ग बदलता येतो आणि फेरविचार शक्य असतो, हे यावरून सिद्ध झाले. परंतु तो फेरविचार अभियंत्यांच्या अहवालाने घडवलेला नाही. रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्याने घडवला. मग जेथे संघटना दुबळी आणि नेते गप्प, तेथील शेतकऱ्याचे काय? मराठवाड्याने हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. जनसुरक्षा विधेयक प्रथम जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, डिसेंबरात पुन्हा आले आणि संयुक्त समितीकडे गेले. समितीपुढे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. त्यानंतर काही सुधारणा झाल्या. 'व्यक्ती आणि संघटना' या मोघम शब्दांऐवजी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांचा उल्लेख आला, सल्लागार मंडळाच्या रचनेत बदल झाला आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे सोपवण्यात आला. या सुधारणा स्वागतार्ह होत. गडचिरोलीत माओवाद्यांच्या हिंसेने आदिवासी व पोलीस यांचे शेकडो बळी घेतले आहेत. राज्याने त्याकडे डोळेझाक करावी असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. लोकशाही मार्गाने आंदोलन करणाऱ्याविरुद्ध हा कायदा वापरला जाणार नाही, अशी ग्वाही मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिली आहे.

तथापि कायद्याचा अर्थ भाषणातल्या ग्वाहीवरून लावला जात नाही, कलमांतील शब्दांवरून लावला जातो. विधेयकातील बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत हिंसाचार व स्फोटके आहेत, तशीच सार्वजनिक सुव्यवस्थेत हस्तक्षेप करणारी 'किंवा तसा कल असणारी' कृती आहे. रस्ता वा रेल्वे वाहतुकीत व्यत्यय आणणे आहे. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तसा प्रचार करणे आहे. रास्ता रोको म्हणजे वाहतुकीत व्यत्यय, आणि सत्याग्रह म्हणजे कायद्याची जाहीर अवज्ञाच नव्हे काय? शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हे अजामीनपात्र, आणि संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार प्रथमतः सरकारच्याच हाती! 'तत्सम' या शब्दाची मर्यादा कोठे संपते, ते कोणी सांगावे?

ही भीती काल्पनिक नाही. ज्या राज्यांचा दाखला देऊन महाराष्ट्राने हे विधेयक आणले, त्यांत छत्तीसगड आहे. तेथील २००५ च्या विशेष जनसुरक्षा कायद्याखाली २०२४ च्या ऑक्टोबरात मूलवासी बचाव मंच या बस्तरमधील संघटनेवर बंदी घालण्यात आली. विकासकामांना व सुरक्षा दलांच्या तळांना विरोध करणे आणि लोकांना त्याविरुद्ध चिथावणे, हे बंदीचे कारण अधिसूचनेतच नमूद आहे. बस्तर म्हणजे लातूर नव्हे, हे खरे. पण विकासकामाला विरोध हे बंदीचे कारण होऊ शकते, ही गोष्ट एकदा कागदावर आली की ती कागदावरच राहील याची हमी कोणी द्यावी?

बाक बदलला की बोल बदलतो

या वादातील सर्वांत उद्वेगजनक भाग पक्षांच्या वर्तनाचा आहे. आणीबाणीत ज्यांच्या नेत्यांना आणि कार्यकर्त्यांना 'मिसा'खाली विनाचौकशी तुरुंगात डांबले, त्यांचाच वारसा सांगणारा पक्ष आज अजामीनपात्र कलमांची तरफदारी करतो. ज्या काँग्रेसने १९७१ चा मिसा, १९८५ चा टाडा आणि १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा आणला, ती आज नागरी स्वातंत्र्याच्या नावाने गळा काढते. जनसुरक्षा विधेयकाच्या संयुक्त समितीत विरोधी पक्षांचे मातब्बर सदस्य होते. तरी अहवालास भिन्नमतपत्रिका जोडली गेली नाही. विधानसभेत ठाम विरोध नोंदवला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकमेव सदस्य विनोद निकोले यांनी. इतरांचा आवाज चढला तो दुसऱ्या दिवशी, परिषदेत आणि सभागृहाबाहेर.

रस्त्यांच्या बाबतीतही हेच. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनास २०१७ साली सत्तेत राहून विरोध करणाऱ्या शिवसेनेने मुख्यमंत्रिपद मिळताच तेच काम पुढे नेले. इतकेच काय, आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांचे मानधनही पक्षीय खेळातून सुटले नाही. एका सरकारने ते २०१८ मध्ये दिले, दुसऱ्याने २०२० मध्ये बंद केले, तिसऱ्याने २०२२ मध्ये पुन्हा सुरू केले. तुरुंगवासाची आठवणसुद्धा जेथे बहुमताप्रमाणे चालू-बंद होते, तेथे तत्त्वाची अपेक्षा कोणाकडून करावी?

मराठवाड्याचा अनुभव

पक्ष विसरले तरी मराठवाड्याने विसरू नये, असा या प्रदेशाचा स्वतःचा अनुभव आहे. शिरूर अनंतपाळचा हा निलंगा-उदगीरचा टापू निजामी राजवटीत बीदर जिल्ह्याच्या अमलाखाली होता. सभा भरवायची तर पूर्वपरवानगी घ्या, असे फर्मावणारी 'गश्ती निशान ५३' येथील वडीलधाऱ्यांनी सोसली. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्ये ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रह करून तुरुंगात गेले. आजचे निर्वाचित सरकार आणि निजाम यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. परंतु कोणती संघटना धोकादायक हे केवळ सत्ताधाऱ्याने ठरवण्यात काय धोका असतो, हे या मातीला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

स्वातंत्र्यानंतरही येथील विकास मागून आणि भांडूनच मिळाला. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी उभे केले. वसमतच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे प्राण गेले. रुंदमापी रेल्वेसाठी गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या वयोवृद्ध नेत्यांना सत्याग्रह करावा लागला. लातूरची जुनी बार्शी लाइट रेल्वे रुंदमापी झाली ती वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली गाडी त्याच रुळांवरून धावली. ज्यांनी मागणी केली त्यांनी पाण्याच्या गाडीची कल्पनाही केली नसेल. पण लोकांनी मागितलेले काम लोकांच्या कामी आले.

याहून बोलका दाखला रोजगार हमीचा आहे. १९७२ च्या दुष्काळात विरोधी पक्षांचे व श्रमिकांचे मोर्चे आणि वि. स. पागे यांच्यासारख्या सत्ताधारी पक्षातील जाणत्याची कल्पकता, या दोहोंतून ती योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये बसवलेला व्यवसाय कर आजही शिक्षक-कारकुनांच्या पगारातून कापला जातो. म्हणजे निषेधाच्या मोर्चाचे रूपांतर सरकारी खर्चात झाले आणि त्याचा भार पगारदाराने उचलला. कोणी कोणाला देशद्रोही म्हटले नाही.

याउलट, बाधितांचे समाधान न करता रेटलेल्या कामाचे काय होते, हे नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्याने पाहिले आहे. पुनर्वसनाच्या प्रश्नामुळे लेंडी प्रकल्प दशकानुदशके रखडला. ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टी झाली, प्रकल्पाचे पाणी फुगले आणि हसनाळसारख्या गावांत ग्रामस्थांना प्राण गमवावे लागले. बाधितांचे म्हणणे ऐकण्याने काम लांबते, असे म्हणतात. न ऐकल्याने ते किती लांबते आणि किती महाग पडते, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आंदोलकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीड जिल्ह्यात घरे पेटवली गेली, जाळपोळीत एस. टी.च्या गाड्यांचेही नुकसान झाले. जळालेली एस. टी. मंत्र्याची नसते, ती गावच्या मुलांना शाळेत नेणारी असते. अशा कृत्यांना निषेधाचे नाव देणे म्हणजे कठोर कायद्याच्या समर्थकांच्या हाती कोलीत देणे होय. पण जाळपोळीसाठी दंडसंहिता आहे, दहशतीसाठी केंद्रीय कायदा आहे. आहेत त्या कायद्यांची नेमकी अंमलबजावणी करण्यापेक्षा नवा सैल कायदा करणे सोयीचे वाटत असेल, तर ती सोय कोणाची?

यातून मार्ग अवघड नाही. शांततामय मोर्चा, धरणे व रास्ता रोको या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत, असे स्पष्ट कलम घालावे आणि 'तत्सम' व 'कल असणारी' ही शब्दयोजना काढून टाकावी. सरकारची ग्वाही खरी असेल तर ती कलमात लिहिण्यास अडचण नसावी. महामार्गाच्या बाबतीत कर्ज किती, व्याज किती, पथकर किती वर्षे आणि समांतर मार्गावर वाहतूक किती, हे आकडे मराठीत प्रत्येक बाधित ग्रामसभेपुढे ठेवावेत आणि ग्रामसभेचा ठराव भूसंपादनापूर्वी विचारात घ्यावा.

नागरिकानेही पक्षाचा झेंडा बाजूला ठेवून स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. हा कायदा उद्या आपल्या विरोधकाच्या हाती गेला तर चालेल काय? आणि हा रस्ता आपल्याच रानातून गेला तर याच अटींवर चालेल काय? दोन्ही उत्तरे 'होय' असतील त्याने खुशाल पाठिंबा द्यावा. एकाचे जरी उत्तर 'नाही' आले, तर बंदी येण्यापूर्वी आणि खुणेचे दगड रोवले जाण्यापूर्वी ते मोठ्याने सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. शिकलेल्या माणसाने ते सांगितले नाही, तर ज्याची जमीन जाते त्यालाच ते रस्त्यावर उतरून सांगावे लागते.