खिशातला कॅमेरा आणि त्याचे भाट

रिको जीआर ३ या कॅमेऱ्याचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, खिशात फोन असताना हे महागडं खेळणं कशाला? ना झूम, ना व्ह्यूफाइंडर, ना फ्लॅश. दुसरा पक्ष भक्तांचा. कॅमेऱ्यात जे नाही तेच त्याचं वैभव, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिल्याला निदान पैशाची काळजी आहे, दुसऱ्याला तीही नाही.

आधी फोनवाल्यांचं पाहू. २०१९ साली आलेल्या या कॅमेऱ्याचं वजन बॅटरी आणि कार्डासह २५७ ग्रॅम आहे. पँटच्या खिशात तो मावतो. तरी आतला एपीएस-सी सेन्सर २३.५ × १५.६ मिलिमीटरचा. फोनच्या जाहिरातीत मिरवणारा ‘एक इंची’ सेन्सर क्षेत्रफळात याच्या जेमतेम एक तृतीयांश भरतो, आणि बहुतेक फोनांत तोही नसतो. ही तूट फोन गणिताने भरून काढतो. लागोपाठ टिपलेल्या फ्रेम एकत्र करतो, सावल्या उजळतो, आकाश आवरतो. पण दादरच्या फूलबाजारात पहाटे दिव्याखाली बसलेल्या माणसाचा अर्धा चेहरा अंधारात असेल, तर मला तो अंधारातच हवा असतो. फोन न विचारता तिथे दिवा लावतो. फोनमध्येही रॉ फाइल मिळते, कबूल. पण लहान सेन्सरच्या रॉमधून सावलीतला तपशील वर काढायला गेलं की आधी दाणे वर येतात.

खरी बाजी मात्र सेन्सरची नाही, स्नॅप फोकसची आहे. फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा दोन मीटर, आणि बटण एका दमात पूर्ण दाबायचं. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. लेन्स १८.३ मिलिमीटरची, म्हणजे फुलफ्रेमच्या हिशेबात २८. ॲपर्चर एफ ८ ठेवलं तर साधारण एका मीटरपासून पुढे रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. लेन्समधल्या शटरचा आवाजही जवळपास नाहीच. गर्दीत चालता चालता, एका हाताने, डोळ्याला काही न लावता फोटो निघतो. जपानी छायाचित्रकार दाइदो मोरियामा रस्त्यावर जीआर घेऊन का हिंडतात, ते इथे कळतं. झूम नाही ही तक्रार मला म्हणूनच पोकळ वाटते. २८ आवडत नसेल तर २०२१ पासून ४० मिलिमीटरचा ‘३ एक्स’ आहेच.

आता भक्त. ‘मर्यादा माणसाला घडवतात’ हे त्यांचं पालुपद. एका बॅटरीत जेमतेम दोनशे फोटो निघतात, यात कोण घडतं? आधीच्या जीआर २ मध्ये तीनशेच्या वर निघायचे, शिवाय फ्लॅशही होता. कॅमेरा आटोपशीर करण्यासाठी दोन्हींवर पाणी सोडलं. हा सौदा होता, साधना नव्हे. कमी उजेडात ऑटोफोकस चाचपडतो. धुळीपाण्यापासून संरक्षण नाही. लेन्स आतबाहेर सरकताना धूळ आत ओढली जाते, आणि सेन्सरवर एकदा बसलेला कण निरभ्र आकाशाच्या प्रत्येक फोटोत हजर असतो. लेन्स निघत नाही, त्यामुळे घरी पुसायची सोय नाही. सेन्सर झटकण्याची यंत्रणा आहे, पण चिकट कणापुढे तिचं फारसं चालत नाही. या उणिवा म्हणजेच वैभव असतं, तर २०२५ च्या जीआर ४ मध्ये कंपनीने बॅटरी आणि आतली साठवण वाढवली नसती. धुळीपाण्याचा प्रश्न मात्र तिथेही तसाच ठेवला, आणि किंमत चढवली. याबद्दल भक्तांनी कंपनीला धारेवर धरायला हवं होतं. त्यांनी रांगा लावल्या.

एवढं बोलूनही मी रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला हाच कॅमेरा सुचवतो, दोन जादा बॅटऱ्यांसह. घरात पळणाऱ्या पोरांचे फोटो काढायचे असतील तर फोनच बरा. आणि जुलैत कोकणात निघाला असाल, तर जीआर घरीच ठेवा.