लहर सापडेल; ओळख पटेल?

देवगड : तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची ही आठवण. त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना. ज्ञात रेषांच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणूनच नवे मूलद्रव्य ओळखता आले.

गुरुत्वीय लहरींच्या संशोधनापुढेही आज ताडून पाहण्याचाच प्रश्न आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. मात्र या लहरी इतक्या क्षीण असतात की, उपकरणाच्या गोंगाटातून त्या वेगळ्या काढण्यासाठी गणिताने आधीच तयार केलेले नमुने लागतात. पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचे १९९१ मधील संशोधन या पद्धतीत पायाभूत मानले जाते.

अडचण नमुन्यांमधील गृहीतकाची आहे. बहुतेक शोधांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या कृष्णविवरांची कक्षा गोल मानली जाते. ते बरेचदा योग्यही असते. लहरींवाटे ऊर्जा निघून जाताना लंबवर्तुळाकार कक्षा हळूहळू गोल होत जाते. पण ताऱ्यांच्या दाट गुच्छात जोडी अगदी जवळ येऊन जमली, तर कक्षा गोल होण्याआधीच टक्कर होऊ शकते. त्यात कृष्णविवराचा स्वतःभोवती फिरण्याचा अक्ष तिरपा असेल, तर कक्षेचे प्रतलही डोलते. लहर अल्पकाळाची असेल, तर हे दोन्ही परिणाम सारखेच भासतात. २१ मे २०१९ रोजी नोंदलेली लहर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढीच होती. काहींनी तिचे कारण तिरपा अक्ष मानले, तर काहींनी लंबवर्तुळाकार कक्षा.

दोन्ही परिणाम एकत्र मांडणारे नमुने आता तयार होत आहेत. अशाच एका नमुन्याने, ५ जानेवारी २०२० रोजी नोंदलेल्या कृष्णविवर व न्यूट्रॉन ताऱ्याच्या मीलनाची २०२५ मध्ये फेरतपासणी झाली. कक्षा लंबवर्तुळाकार असल्याच्या खुणा तीत आढळल्या. दोन्ही वस्तूंच्या वस्तुमानाचे आधीचे अंदाजही त्यामुळे बदलले.

नमुना अपुरा असेल, तर लहर निसटते किंवा तिचा चुकीचा अर्थ लागतो. आइन्स्टाइनचा सिद्धांत चुकल्याचा भासही होऊ शकतो. औंढ्याची वेधशाळा उभी राहील तेव्हा हे गणित करणारे तरुण संशोधकही तयार असावे लागतील. त्यांची तयारी बांधकामासोबतच व्हायला हवी.