गावठी

मंडळी, आमच्या वडगाव रासाईच्या घरी कुत्रा घ्यायचं घाटतंय. भीमेकाठचं गाव, घर मळ्यात, आजूबाजूला ऊस. तेव्हा कुत्रा हवाच, याबद्दल घरात दुमत नाही. वाद पेटला तो दादाच्या एका प्रश्नावरून : "पण कुठल्या जातीचा?"

दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे, म्हणून इथेच लिहिते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस :)

आपल्या घरात कोंबडी गावठी लागते. अंडी गावठी, त्यासाठी दोन पैसे जास्त मोजायची तयारी. कोथिंबीरसुद्धा गावठी असली की वहिनी दोन जुड्या जास्त घेते. मग कुत्र्यापाशी आल्यावरच 'गावठी' ही शिवी का होते? तिथे एकदम जातिवंत हवा, कागदपत्रं हवीत, आईबापाचं घराणं हवं. लग्न जमवताना जी भाषा वापरायची आता आपल्याला लाज वाटते (काहींना वाटते, असो), तीच कुत्र्यासाठी बिनदिक्कत वापरतो. खंडोबाच्या आणि दत्ताच्या तसबिरीतल्या कुत्र्यांची जात कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दादाचं म्हणणं, राखणीला दणकट कुत्रा पाहिजे, बिबट्याचा भाग आहे. भाग आहेच. आपल्याच शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतकडे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन माणसं गेली. त्यानंतर तिकडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होत्या. पण बिबट्या कुत्र्याचं सर्टिफिकेट बघून परत जात नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यात अकोल्याकडच्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. म्हणजे ओट्यावर साखळीने बांधलेला कुत्रा, मग तो वीस हजारांचा असो की फुकटचा, बिबट्याला ताट वाढून ठेवल्यासारखाच. रात्री त्याला जाळीच्या बंद खोलीत ठेवायचं. भुंकायचं काम तो तिथूनही करतो. राखणीचा खर्च करायचाच असेल तर त्या खोलीवर करा.

आता लॅब्राडोर. गोड प्राणी, माझं त्याच्याशी वैर नाही. पण त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात कोळ्यांबरोबर काम करायचे, अंगावर दुहेरी केसांचा कोट. त्याला एप्रिल-मेच्या उन्हात आपल्या पत्र्याच्या पडवीत ठेवणार? शिवाय लॅब्राडोर काय आणि जर्मन शेफर्ड काय, दोघांनाही खुब्याच्या सांध्याचं दुखणं वारशाने येतं. ते पिल्लू बघून कळत नाही, आईबापाची तपासणी झाली असेल तरच काही अंदाज येतो.

आणि तपासणी कोण करतं? दादाला ज्याने पिल्लांचे फोटो पाठवले, त्याला मी एकच विचारलं, "पिल्लाची आई बघायला मिळेल का?" तो म्हणाला, "मॅडम, डिलिव्हरी घरपोच देतो." विषय संपला. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. किती जोरात चावायचं नाही, हे पिल्लू त्या आठवड्यांत आई-भावंडांकडून शिकतं. घरात दोन लहान मुलं असताना हे शिक्षण अर्धवट सोडलेलं पिल्लू आणायचं?

सगळे विकणारे चोर, असं मी म्हणत नाही. मुधोळकडे आणि आपल्या सांगली-सोलापूरकडे कारवानी कुत्री पिढ्यानपिढ्या सांभाळणारी घरं आहेत. मुधोळ हाउंडवर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघालं. तिथे आई दारातच बसलेली असते. पण ते धावायला जन्मलेलं जनावर, त्याला आपल्या अंगणात बांधून घालणं हाही अन्यायच.

वहिनीची शंका मात्र रास्त आहे. शेल्टरमधल्या कुत्र्याचं आधीचं काय माहीत? म्हणूनच पिल्लाचा हट्ट सोडा. दोन-तीन वर्षांचा कुत्रा घ्या. त्याचा स्वभाव ठरलेला असतो आणि रोज त्याला खायला घालणारा माणूस तो तुम्हाला सांगू शकतो. मुलांना घाबरतो का, ताटलीजवळ हात नेला तर गुरगुरतो का, कोंबड्यांमागे लागतो का, हे सगळं विचारा. नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याचा कागद मागा. पुण्यात रेस्क्यू आहे, ब्लू क्रॉस आहे. एका फेरीत ठरवू नका, मुलांना घेऊन दोन-तीनदा जा. आणि दादा, तुझं मन अगदीच लॅब्राडोरमध्ये अडकलं असेल तर शेल्टरमध्ये तोही भेटेल. हौस फिटल्यावर लोकांनी सोडून दिलेला.

येत्या रविवारी मी रिकामी आहे. गाडी तुझी, डिझेल माझं. आणि नाव टॉमी ठेवायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.