उजनीची मासळी आणि आपले ताट

"डॉक्टर, पुण्याहून येताना भिगवणला मासे खाल्ले तर चालतील का?" मधुमेहाचे रुग्ण मला नेहमी विचारतात. मी सांगतो, जरूर खा. पण कसे खाता ते महत्त्वाचे.

सोलापूरपासून समुद्र दूर. तरी १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या जलाशयातली मासळी हमरस्त्यावरच्या खानावळींत मिळू लागली. रोहू, कटला, चिलापी यांत उत्तम प्रथिने व ब-१२ जीवनसत्त्व असते. दुर्दैवाने आपण तळलेल्या तुकड्यांवरच ताव मारतो. पुन्हापुन्हा तापवून काळवंडलेल्या तेलातला मासा टाळावा. त्याऐवजी कमी तेलाचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी मागा. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी आपल्याच जिल्ह्यातली. तिच्यात चोथाही भरपूर. मात्र मधुमेही व्यक्तींनी भाकरी मोजूनच खावी. ताज्या माशाचे कल्ले लाल व डोळे चकचकीत असतात, हे पाहूनच मासा निवडा.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे याच जलाशयात उतरते आणि सोलापूरच्या नळाला पाणीही उजनीचेच. उकळल्याने जंतू मरतात, जड धातू जात नाहीत. म्हणून जलाशयातल्या पाण्याची व माशांची नियमित तपासणी व्हावी आणि तिचे अहवाल वृत्तपत्रांतून प्रसिद्ध व्हावेत. मासे न खाणाऱ्यांनीही ही मागणी केली पाहिजे. पाणी तर सगळेच पितात!