‘कुणालाही सांगू नका’ म्हणणारा फोन

‘एवढा शिकलेला माणूस, आणि असा कसा फसला?’ ज्येष्ठांच्या फसवणुकीची बातमी आली की घरोघरी हेच विचारले जाते. फसणारा अडाणी असतो, निदान मोबाइलच्या बाबतीत तरी, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. म्हणून उपायही तसेच सुचतात. आईवडिलांना ॲप शिकवा, ओटीपी देऊ नका म्हणून बजावा, अनोळखी लिंक उघडू नका असे सांगा. हे सगळे करायलाच हवे. पण सध्या ज्या प्रकारात म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी जाते आहे, त्या ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये ओटीपीची गरजच पडत नाही. माणूस स्वतः बँकेत जातो, मुदत ठेव मोडतो, आरटीजीएसचा फॉर्म भरतो, सही करतो आणि पैसे पाठवतो. ओटीपी, लिंक, पासवर्ड यांतले सगळे त्याला कळत असते, तरी तो वाचत नाही. त्याला मोबाइलच्या अज्ञानातून पकडलेले नसते. भीती आणि अब्रू यांतून पकडलेले असते.

फोन साधारण असा येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला. पाठोपाठ व्हिडिओ कॉल. समोर खाकी गणवेश, मागे बोधचिन्ह, टेबलावर फाइली. तुमचा आधार क्रमांक आणि पत्ता समोरचा माणूस घडाघडा वाचून दाखवतो. मग शिक्क्याचे अटक वॉरंट येते आणि सूचना सुरू होतात: कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीतून बाहेर जाताना विचारायचे, दुसऱ्या कुणाचा फोन घ्यायचा नाही, बायकोला किंवा मुलांना सांगितले तर तेही आरोपी होतील. शेवटी ‘पडताळणीसाठी’ सगळी शिल्लक एका खात्यात भरायची; चौकशी संपली की ती परत मिळेल. बँकेत काउंटरवर विचारलेच तर काय उत्तर द्यायचे, हेही पढवलेले असते: घर घेतोय, नातवाच्या शिक्षणाला पैसे हवेत. यातले बाकी सगळे बदलू शकते. कधी सीबीआय असते, कधी मुंबई पोलीस, कधी दूरसंचार खाते. बदलत नाही ती एकच अट, कुणालाही सांगायचे नाही. माझ्या मते साऱ्या सापळ्याचा आधार ही अट आहे. ज्येष्ठांना शिकवायची पहिली गोष्टही तीच असायला हवी.

केंद्र सरकारने संसदेत दिलेले आकडे या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. डिजिटल अरेस्ट आणि तत्सम गुन्ह्यांच्या तक्रारी २०२२ मध्ये सुमारे ४० हजार होत्या आणि त्यांत गेलेली रक्कम ९१ कोटी रुपये होती. २०२४ मध्ये तक्रारी १ लाख २३ हजारांवर गेल्या आणि रक्कम १,९३५ कोटींवर. म्हणजे तक्रारी तिप्पट झाल्या, पैसा मात्र एकवीसपट गेला. सरासरी काढली तर एका तक्रारीमागे तेवीस हजारांच्या आसपासचे नुकसान दीड लाखाच्या पुढे पोचले. गळ आता जिथे साठवलेला पैसा आहे तिथे टाकला जातो आहे. असा पैसा बहुधा निवृत्त माणसाकडे असतो: भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विकलेल्या जुन्या घराची रक्कम. २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना खोट्या सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी दाखवून सात कोटींना लुबाडण्यात आले. ब्याऐंशी वर्षांचा, पद्मभूषण मिळालेला, हजारो माणसांचा कारभार चालवलेला हा उद्योगपती अडाणी होता असे कोण म्हणेल?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकत आणि पाळत जगलेली ही पिढी आहे. पोलीस दारात येणे हीच ज्यांना बेअब्रू वाटते, त्यांना अटकेपेक्षा चार लोकांत होणाऱ्या बोभाट्याची धास्ती जास्त. चोर नेमके तेच वापरतो, आणि गप्प राहण्याची अट त्या माणसाला सवलतीसारखी वाटते. म्हणून खरी अटक कशी असते, हे आधीपासून माहीत असणे फार मोलाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात घालून दिलेले नियम आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आले आहेत. अटकेची लेखी नोंद करावी लागते, तिच्यावर घरातल्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते, आणि घरच्यांनी सही केली नसेल तर नातेवाइकाला किंवा मित्राला कळवण्याचा हक्क आहे, हे अटक झालेल्याला सांगावे लागते. राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने पसंतीच्या वकिलाशी बोलण्याचा हक्क दिला आहे. शिवाय साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा झाला तर साठीपुढच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला राहत्या जागेबाहेर येण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. कायदा घरच्यांना जवळ आणतो आणि हा फोन त्यांना दूर ठेवतो. तपास गोपनीय असतो ना, अशी शंका कुणी काढेल. असतो, पण ते बंधन तपास करणाऱ्यावर असते. ज्याच्यावर संशय आहे त्याने बायकोशी बोलू नये, असे कोणताही कायदा सांगत नाही.

म्हणून सुचवावासा वाटणारा नियम एकच आहे: मोठी रक्कम हलवण्याआधी एका माणसाशी बोलायचे, आणि कुणी बोलू नका म्हटले तर त्याच क्षणी फोन ठेवायचा. यावर पहिला आक्षेप मानी ज्येष्ठांचा येतो. आमच्या पैशासाठी आता मुलांची परवानगी काढायची का? आक्षेप रास्त आहे, कारण काळजीच्या नावाखाली आईवडिलांचे पासबुक ताब्यात घेणारी मुलेही असतात. पण सांगणे आणि विचारणे यांत फरक आहे. ‘मी अमुक कारणासाठी ठेव मोडतो आहे’ एवढे एक वाक्य मोठ्याने उच्चारायचे, निर्णय आपलाच. ते मुलाशीच बोलायला हवे असेही नाही. बहीण, जुना सहकारी, सोसायटीचे सचिव, शाखेतला ओळखीचा अधिकारी, कुणीही चालेल. ‘माझी मुले अमेरिकेत, इथे मी एकटी’ म्हणणाऱ्या आजींनाही म्हणूनच हा नियम पाळता येतो, फक्त तो माणूस आधी ठरवून ठेवायला हवा. घाबरलेल्या अवस्थेत नाव सुचत नाही.

सगळा भार म्हाताऱ्यांवरच का, हा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. वीस वर्षे न हललेली ठेव एका सकाळी मोडून अनोळखी खात्यात जाते, तेव्हा बँकेने थांबून विचारायलाच हवे, आणि पढवलेले उत्तर मिळाले तर आणखी विचारायला हवे. हरियाणातल्या अंबाला येथील एका वृद्ध जोडप्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये डिजिटल अरेस्टच्या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला, हे चांगले झाले. पण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनी दिलेले संरक्षण प्रामुख्याने ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांना आहे. स्वतःच्या सहीने पाठवलेल्या पैशाला ते फारसे उपयोगी पडत नाही.

राहते ती फसवणूक होऊन गेल्यानंतरची वेळ. चोरलेली रक्कम भाड्याच्या खात्यांतून पुढेपुढे सरकत जाते. ती मधेच गोठवता यावी म्हणून १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आहे आणि त्यावर जितक्या लवकर फोन जाईल तितकी आशा जास्त. ओसवालांच्या प्रकरणात पोलिसांनी पाच कोटींहून अधिक रक्कम परत मिळवली. पण कित्येक ज्येष्ठ हा फोन करण्याआधी तास, कधी दिवस घालवतात, कारण आधी घरात सांगावे लागेल आणि घरात काय ऐकावे लागेल हे त्यांना ठाऊक असते. ‘तुम्हाला एवढेही कळले नाही?’ हे मुलांचे वाक्य चोराच्या सोयीचे आहे. आज, काहीही घडलेले नसताना, मुलांनी आईवडिलांना स्पष्ट सांगून ठेवावे की असे झाले तर आम्ही एका शब्दाने बोलणार नाही, आधी १९३० लावू. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी घेऊन तो फोन करायचा असतो. मग cybercrime.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायची, आणि ठाण्यात जाताना वडिलांबरोबर कुणीतरी असायला हवे.