वेग कोणाचा, वेळ कोणाचा?

एआय असिस्टंटचा सगळ्यात जास्त फायदा ज्युनिअरांना होतो, असं हल्ली प्रत्येक टाउनहॉलमध्ये ऐकवलं जातं. आकडा खोटा नाही. मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅक्सेंचर आणि आणखी एका बड्या कंपनीतल्या मिळून ४,८६७ डेव्हलपरांवर प्रयोग झाले. असिस्टंट वापरणाऱ्यांची पूर्ण झालेली कामं सुमारे २६ टक्क्यांनी वाढली, कमी अनुभवाच्या लोकांची त्याहून जास्त. पण ‘काम’ म्हणून मोजलं काय? पुल रिक्वेस्ट.

पुल रिक्वेस्ट आली की ती कोणीतरी वाचावी लागते. आमच्या टीममधला फ्रेशर दुपारपर्यंत सातशे ओळी पाठवतो. पोरगा हुशार आहे, कामचुकार अजिबात नाही. पेमेंटच्या कोडमध्ये त्याने टाइमआउट झाला की तीनदा रिट्राय लावला होता. दिसायला झकास, टेस्टही हिरव्या. मी विचारलं, पहिली रिक्वेस्ट बँकेपर्यंत पोचली आणि फक्त उत्तर यायचं राहिलं असेल तर? प्रत्येक रिट्रायबरोबर तीच आयडेंपोटन्सी की गेली नाही, तर गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले जातील. तो म्हणाला, “दादा, असिस्टंटने असंच दिलं.” हे शोधण्यात माझी संध्याकाळ गेली. डॅशबोर्डवर त्याची पुल रिक्वेस्ट मोजली गेली. माझ्या संध्याकाळीला तिथे रकानाच नाही.

अनुभवी लोकांचं काय? २०२५ मध्ये मेटर या संस्थेने १६ मुरलेल्या ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली. एआय वापरायची मुभा होती तिथे १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत म्हणजे काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने केलं! माणसं सोळाच, टूल्सही तेव्हाची, मान्य. तरी आमच्या एचआरच्या सर्व्हेत प्रश्न काय असतो? “तुमचा किती वेळ वाचला असं वाटतं?”

आणि अशा वाटण्यावर आता भरतीचे निर्णय होतायत. सीनिअरच्या हाती असिस्टंट दिला की फ्रेशर कशाला, असं मीटिंगमध्ये उघड बोललं जातं. अरे, पण सीनिअर काय बाजारात किलोवर मिळतो? रात्री दोनला प्रॉडक्शन बंद पडलंय, समोर स्टॅक ट्रेस आहे आणि विचारायला कोणी नाही, अशा रात्रींतून तो तयार होतो. आज एज्युकेशन लोन काढून थर्ड इयरला बसलेल्या पोरीला ती पहिली नोकरीच दिली नाही, तर पाच वर्षांनी तो रिट्राय पकडणार कोण?

डॅशबोर्ड ठेवायचाच असेल तर त्यात रिव्ह्यूचे तास धरा. फ्रेशर घ्या, आणि प्रत्येकाला आठवड्याला एक बग असिस्टंटशिवाय सोडवायला द्या. डेडलाइन सैल ठेवून, ऑफिसच्या वेळेत. शनिवारी घरी बसून नाही.