बादलीवरचे प्रवचन

मार्च संपत आला की मराठीत दोन प्रकारचे लेख हटकून उगवतात आणि दोहोंच्या केंद्रस्थानी एक चारचाकी व एक बादली असते. पहिल्या लेखातील नायक रविवारी सकाळी आपली गाडी आपल्या हातांनी धुतो. साबणाच्या फेसात त्याला स्वावलंबन, श्रमाची प्रतिष्ठा आणि जमल्यास आत्मशुद्धीही सापडते. दुसऱ्या लेखाचा कर्ता हेच दृश्य गॅलरीतून पाहतो, कळवळतो, आणि तिसऱ्या परिच्छेदात शहापूर तालुक्यातील डोक्यावर तीन हंडे घेतलेली बाई त्याच्या मदतीला धावून येते. एकाला गाडी धुणे हा संस्कार वाटतो, दुसऱ्याला पाप. आमचे म्हणणे असे की हे दोन्ही लेख एकाच वृत्तीतून जन्मले आहेत. गाडी धुणे हे एक काम आहे, पाण्याला मोजमाप असते आणि शहापूर-मुरबाड हे माणसांनी वसलेले तालुके आहेत, या तीन साध्या गोष्टींकडे दोघांचीही पाठ असते.

आधी पहिल्या लेखाचा समाचार घेऊ. त्यात गाडगेबाबांचा दाखला बहुधा येतोच. परंतु बाबा गावात शिरल्यावर गावाचे रस्ते झाडत. त्यांच्या खराट्याखाली येणारी जागा सर्वांची होती. स्वतःच्या मालकीच्या वस्तूची निगा राखणे ही चांगली सवय आहे, तिला लोकसेवेच्या पंक्तीत बसवण्याचे कारण नाही. शिवाय या नायकाच्या इमारतीत उरलेले सहा दिवस भल्या पहाटे दुसराच कोणी माणूस महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर एका बादलीत दहा गाड्या पुसत असतो. लेखात त्याला जागा नसते. जे काम हौसेने केले की निबंधाचा विषय होते आणि पोटासाठी केले की दिसेनासे होते, त्या कामाच्या प्रतिष्ठेविषयी बोलणाऱ्यांनी जरा जपून बोलावे.

गाड्यांच्या जगात आता ‘डीटेलिंग’ हा शब्द रुळला आहे. गंमत अशी की कादंबरीच्या समीक्षेतही तो आपण सर्रास वापरतो. अमुक लेखकाचे डीटेलिंग चांगले, असे वर्गात म्हणतो आणि पुढे जातो. तेव्हा तपशिलाची थोरवी गाणाऱ्या आपण मंडळींनी या कामाचा तपशील एकदा नीट पाहण्यास हरकत नसावी. गाडीच्या पत्र्यावर अस्तर असते, त्यावर रंग, आणि सर्वांत वर एक पारदर्शक लेप. हा लेप माणसाच्या केसाहून पातळ असतो. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. कोरड्या फडक्याने पुसले की तेच कण लेपावर ओरखडे पाडतात आणि उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसू लागतात. म्हणून आधी पाणी मारून धूळ सैल करायची, गाडी सावलीत घ्यायची, टपापासून सुरुवात करून खाली यायचे, चाकांचे फडके वेगळे ठेवायचे. बादल्या दोन: एकीत शाम्पू, दुसरीत फडके खळबळून काढण्यापुरते साधे पाणी. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण मळाबरोबर मेणाचा थरही उतरवतो. तापल्या पत्र्यावर पाणी वाळले तर क्षारांचे डाग उमटतात, बोअरच्या जड पाण्याचे तर अधिकच. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक रंग खातात, ते त्याच दिवशी काढावे लागतात. पॉलिश म्हणजे ओरखडे बुजवणे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक त्यात वरच्या लेपाचाच अत्यल्प थर घासून सपाट केला जातो. म्हणजे गाडी जितक्या वेळा चकाकवावी तितके तिचे कवच झिजते. शेवटी लावायचे मेण काही आठवडे टिकते, मग पुन्हा लावायचे.

इतके जाणणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट आपोआप येते. निगा वेगळी आणि चमक वेगळी. निगेला थोडे पाणी आणि बरेच लक्ष लागते. त्या पहाटेच्या माणसाला एका बादलीत दहा गाड्या पुसायला लावणारी काटकसर पाणी वाचवते खरी, पण पहिल्या गाडीची रेती दहाव्या गाडीवर घासते. उलट नळी सोडून ठेवणारा पाणीही घालवतो आणि लक्षही. या दोन टोकांमध्ये दोन-तीन बादल्यांत नीट पार पडणारे एक शहाणे काम आहे. आपल्या लेखांत ते कुठे आढळत नाही, कारण फेसापलीकडे कोणी पाहिलेलेच नसते.

आता ज्या तालुक्यांचे नाव घेऊन प्रवचन केले जाते तिथे जाऊ. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, आसनगावला आणि कसाऱ्याला लोकल येते. मुरबाडचा सारा भरवसा कल्याणकडून येऊन माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. महामार्ग सोडला की पाड्यांना तालुक्याच्या गावाशी जोडतात त्या जीपगाड्या, रिक्षा आणि भेंडी-काकडीच्या पाट्या कल्याणच्या बाजारात नेणारे टेम्पो. त्यांतले पुष्कळसे कर्जावर घेतलेले, कित्येक दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे. आषाढ-श्रावणात भातखाचरांमधल्या रस्त्यांचा चिखल चाकांवरच्या कमानींत आणि गाडीच्या पोटाखाली थापला जातो, ओल धरून बसतो, आणि पत्रा गंजू लागतो. हप्ते फिटण्याआधी गाडी सडली तर घर बसते. हा माणूस अंगणात गाडी धुतो तेव्हा त्याच्या मनात ना स्वावलंबन असते ना आत्मशुद्धी. त्याचे लक्ष गाडीच्या पोटाकडे असते. टपाच्या चकाकीशी त्याला कर्तव्य नसते. आणखी एक तपशील प्रवचनकारांच्या नजरेतून सुटला आहे. चिखलाचा हंगाम हाच तिथे पाण्याचाही हंगाम. चैत्र-वैशाखात चिखल नसतो, धूळ असते, आणि ती ओल्या फडक्याने भागते. ज्या घरातली बाई हंडा घेऊन मैलभर चालते त्या घरातला मुलगा त्या हंड्याने गाडी धुवत नाही. हे त्याला शहरातून सांगावे लागत नाही.

आपल्या भाषेतही ही जाण मुरलेली आहे. गाडी म्हणजे बैलगाडी होती तेव्हा धुतले जात ते बैल. ओढ्यावर नेऊन, चोळून, शिंगांपासून खुरांपर्यंत. लाकडी गाडीला वंगणाखेरीज काही मिळत नसे. मोटार आली तेव्हा नाव तिने गाडीचे घेतले आणि निगा बैलांची घेतली. दसऱ्याला धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घातलेली जीप पाहून ज्यांना ग्रामीण भागातील वाढत्या चंगळवादाची आठवण होते, त्यांनी आपला शब्दकोश पुन्हा उघडावा.

आता दुसरा लेख. त्यातील आकडे कधीच सांगितले जात नाहीत, म्हणून आम्ही सांगतो. मुंबईला दररोज ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी मिळते. त्यातले जवळपास निम्मे एकट्या भातसा धरणाचे. भातसा शहापूर तालुक्यात आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसाही त्याच तालुक्यात. आता समजा, शहरातील १० लाख गाड्या आठवड्यातून एकदा प्रत्येकी ५० लिटरने धुतल्या. दिवसाला हिशेब होतो सुमारे ७ दशलक्ष लिटरांचा, म्हणजे एकूण पुरवठ्याच्या पाव टक्क्याहूनही कमी. नळी सोडून प्रत्येकी २०० लिटर उधळले असे धरले तरी आकडा एक टक्क्याच्या आत राहतो. आणि क्षणभर मानू की उद्यापासून मुंबईत एकही गाडी धुतली गेली नाही. वाचलेले पाणी कुठे जाईल? ते मुंबईच्याच दुसऱ्या नळाला जाईल. जलवाहिनी एकाच दिशेने वाहते. दादरमध्ये वाचवलेली बादली डोळखांबच्या पाड्यावर पोहोचवणारी कोणतीही यंत्रणा अस्तित्वात नाही. तीन हंडेवाल्या बाईला मध्ये आणून केलेला उपदेश तिच्या दारी थेंबभरही पाणी नेत नाही. तो लेखकाच्या मनाची टोचणी तेवढी भागवतो.

त्या बाईची तहान कशाने आहे? या तालुक्यांत पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तो चार महिन्यांत कोसळतो, तीव्र उतारावरून आणि काळ्या कातळावरून वाहून जातो, कातळात मुरतो फार थोडा. पाडे टेकड्यांवर, धरणे खाली दरीत. फाल्गुनात विहिरी तळ गाठतात आणि मग ओहोळाच्या कोरड्या पात्रात खड्डा खणून वाटीवाटीने पाणी भरावे लागते. धरणाचे पाणी वर चढवायला पंप, वीज, टाकी आणि दरवर्षीची देखभाल लागते. मोठ्या शहरासाठी शंभर किलोमीटरच्या आसपास जलवाहिन्या टाकणे ज्यांना जमले त्यांना हे अशक्य होते असे कोणी म्हणू नये. भातसाच्या तालुक्याची तहान भागवण्यासाठी शेवटी नाशिक जिल्ह्यातील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखावी लागली, यातच सगळे आले. बारवी धरणाची गोष्ट निराळी नाही. ते औद्योगिक विकास महामंडळाचे. त्याची उंची वाढवली तेव्हा बुडाले ते मुरबाड तालुक्यातील गावे आणि पाडे, आणि पाणी गेले कारखान्यांना व खालच्या शहरांना. महानगर प्रदेशासाठी मुरबाडमध्येच योजलेल्या काळू धरणाचे काम वनखात्याच्या परवानगीविना सुरू झाले आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने ते थांबवले. स्थानिक आदिवासी आणि शेतकरी संघटितपणे उभे राहिले नसते तर तेही घडले नसते. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला बादलीवर प्रवचन करताना संकोच वाटेल. बादलीविषयी इतके बोलले की जलवाहिनीविषयी गप्प राहता येते, आणि आमच्या मते या लेखनप्रकाराच्या लोकप्रियतेचे रहस्य तेच आहे.

यावर आक्षेप येईल की मग आम्ही नळी सोडणाऱ्याची वकिली करतो काय? मुळीच नाही. मिनिटाला बारा-तेरा लिटर सोडणारी नळी पाव तास चालली की २०० लिटर जातात. जलजीवन मिशनने २०१९ साली ग्रामीण माणसासाठी दिवसाला ५५ लिटरांचे मान ठरवले. महानगरासाठीचे मान १५० लिटर आहे. म्हणजे एका धुण्यात जवळजवळ चार खेडुतांचा दिवस वाहून जातो, आणि तो दिवसही कागदावरचा. हे ज्याला कळते त्याने दोन बादल्यांत काम उरकावे. ते त्याच्या रंगालाही हिताचे आहे. तसेच सुट्टीच्या दिवशी धबधबे पाहायला आलेल्यांनी आणि गावातल्या गाडीवाल्यांनीही ओढ्यात गाडी उभी करून तेल व साबण सोडू नये. भातसाचे मुंबईचे पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथपर्यंत येते आणि तिथून उचलले जाते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. परंतु ही झाली कामाची शिस्त. तिला न्यायाचे नाव देऊ नये. ५५ आणि १५० या दोन आकड्यांमधले अंतर बादलीने भरून निघणारे नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. पाणी हा हक्काचा प्रश्न आहे हे आधुनिक महाराष्ट्राला महाडच्या तळ्यावर १९२७ साली शिकवले गेले. तिथे कोणी पाणी जपून वापरण्याविषयी बोलत नव्हते. ते कोणाचे, एवढाच प्रश्न होता. जवळपास शंभर वर्षांनी आपले ललित गद्य त्या प्रश्नावरून काटकसरीच्या सुविचारावर घसरले असेल तर ती साहित्याचीच बाब आहे. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या लढ्यावरचे गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आजही वाचवते, कारण त्यात वेठ म्हणजे काय हे कामागणिक कळते. तिथला आदिवासी कोणाच्या कळवळ्याचे चिन्ह होऊन येत नाही. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त धरणग्रस्त आपापल्या जमिनींसह आणि कागदपत्रांसह उभे राहतात. या पुस्तकांत तपशील हा शोभेचा लेप नाही. तो काढून घेतला तर अन्यायच दिसेनासा होतो.

तेव्हा आमची मागणी माफक आहे. पुढील मार्चमध्ये ज्यांना गाडी धुण्यावर लिहावयाचे असेल त्यांनी अवश्य लिहावे. किती लिटर, कोणत्या धरणाचे, कोणते गाव बुडवून आणलेले, आणि उरलेले सहा दिवस ती गाडी कोण पुसतो, एवढे मात्र लिहावे. हंडेवाल्या बाईला बोलवायचेच असेल तर तिच्या पाड्याचे नाव, तिच्या विहिरीची खोली आणि तिथून दिसणाऱ्या धरणाचे अंतर लेखात यावे. ते ठाऊक नसेल तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे. तिच्या डोक्यावर आधीच तीन हंडे आहेत. आपल्या निबंधाचा चौथा हंडा तिने का वाहावा?